फुलपांखरांचें माहेर

घराच्या अंगणांत किंवा गच्चीवर चार कुंड्या मांडल्या, त्यांत रंगीबेरंगी फुलझाडें लाविलीं, म्हणजे फुलपांखरें आपोआप येऊं लागतील, अशी पुष्कळ सुशिक्षित घरांतून समजूत असते. ती अगदींच खोटी नाहीं. फुलपांखरें येतात, घटकाभर मध चाखतात आणि भिंतीपलीकडे निघून जातात. त्यांचा मुक्काम कांहीं तेथें पडत नाहीं. मग घरधनी खेदानें म्हणतो कीं, लहानपणीं पाहिलीं तेवढीं फुलपांखरें आतां राहिलीं नाहींत. त्याची तक्रार पुष्कळ अंशीं खरी असते. परंतु तिचें कारण फुलांत नसून पानांत शोधावयाचें आहे, हें त्याच्या ध्यानांत आलेलें नसतें.

अंडें, अळी, कोश आणि पंख फुटलेलें फुलपांखरूं, अशा चार अवस्था शाळेंत शिकविल्या जातात. यांपैकीं शेवटच्या अवस्थेकडेच सर्वांचें लक्ष जातें, कारण ती शोभिवंत असते. पण खरी पोटपूजा चालते ती अळीच्या अवस्थेंत. अळी एकदां खाऊं लागली म्हणजे दुसरें फारसें कांहीं करीत नाहीं. वाढतां वाढतां तिला अंगावरची कात चार-पांच वेळां टाकावी लागते. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपांखरूं होण्यास सामान्यतः महिन्याच्या आंतबाहेरचा काळ लागतो. पंख फुटल्यावर मात्र पाला चावण्याचें साधनच त्याच्यापाशीं उरत नाहीं. गुंडाळून ठेवलेल्या सोंडेनें मध किंवा पाणी शोषून घेणें एवढेंच त्याला करतां येतें. म्हणून फुलपांखरांना जेवावयास बोलवावयाचें असेल तर दोन पानें मांडावीं लागतात. एक मोठ्यांसाठीं मधाचें आणि दुसरें मुलांसाठीं पाल्याचें.

हें दुसरें पान वाटेल त्या झाडाचें चालत नाहीं, आणि येथेंच सारी मेख आहे. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरीं जाते. शेजारचें घर कितीहि श्रीमंत असलें तरी तेथें जात नाहीं. फुलपांखराच्या मादीचेंहि तसेंच आहे. अंडीं घालण्याची वेळ आली म्हणजे ती झाडाझाडांवरून हिंडते, एखाद्या पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनीं त्यावर टकटक करते आणि पायांनींच त्याची चव घेते. ओळखीची चव लागली तर अंडें चिकटवते. नाहीं तर पुढें जाते. कित्येक जातींना एकाच कुळांतील पांचदहा वनस्पति चालतात, कित्येकींना एखाददुसरीच. ती वनस्पति त्या परिसरांतून नाहींशी झाली म्हणजे फुलांचा कितीहि सुकाळ असला तरी त्या जातीचा वंश तेथें टिकत नाहीं.

निसर्गानें असा हट्टी नियम कां घालून दिला, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. वनस्पतीला शत्रूपासून पळतां येत नाहीं. म्हणून ती आपल्या पानांत कडू, उग्र किंवा विषारी द्रव्यें सांठवून ठेवते. बहुतेक किडे त्यामुळें दूर राहतात. परंतु असंख्य पिढ्यांच्या सहवासानें एखाद्या जातीची अळी तें विष पचवूं लागते, आणि मग तेंच झाड तिचें राखीव कुरण होऊन बसतें. अमेरिकेंतील पॉल एर्लिक व पीटर रेव्हन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं फुलपांखरें आणि वनस्पति यांच्या या जोडीनें झालेल्या उत्क्रांतीचें विवेचन केलें, आणि तेव्हांपासून जीवशास्त्रांत या विषयाला मोठें महत्त्व आलें.

खानदेशांत याचें उदाहरण पाहण्यास प्रयोगशाळेंत जावें लागत नाहीं. गांवाबाहेरच्या रुईपाशीं थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे पुरे. रुईचा चीक विषारी; गुरें सहसा तिला तोंड लावीत नाहींत. पण नारिंगी पंखांचें, काळ्या कडांचें आणि पंखांच्या टोंकाशीं पांढरे ठिपके असलेलें एक फुलपांखरूं मुद्दाम याच रुईवर अंडीं घालतें. त्याची अळी काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची असते. पान खाण्यापूर्वीं ती त्याची शीर कुरतडून चीक वाहून जाऊं देते आणि मग निवांतपणें पानावर ताव मारते. या खाद्यामुळें तिच्या अंगांत जो कडवटपणा उतरतो तो पंख फुटल्यावरहि राहतो, आणि फुलपांखराला चोंचींत धरणारा पक्षी पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं. याहून गमतीची गोष्ट पुढेंच आहे. घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या एका निराळ्याच फुलपांखराचा नर काळा असून त्याच्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके असतात. पण त्याची मादी मात्र हुबेहूब त्या रुईवरील फुलपांखराच्या नारिंगी वेशांत वावरते. तिच्या अंगीं विष नाहीं. शेजारणीचें लुगडें नेसून ती पक्ष्यांच्या डोळ्यांत धूळ फेंकते. रुई आणि घोळ, दोन्ही माणसाच्या लेखीं अगदीं क्षुल्लक वनस्पति; पण एवढें मोठें नाटक त्या दोघींच्या आधारावर चाललेलें असतें.

धुळ्याहून जळगांवाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, १७२७ सालच्या भुईकोट किल्ल्यामुळें ओळखला जाणारा पारोळा हा कपाशीच्या मुलखांतला गांव. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, आणि तालुक्यांतून अमळनेराकडे वाहणारी बोरी नदी पावसाळा सरला कीं रोडावणारी. घाटांतलें दाट अरण्य येथें नाहीं. २०१५ सालीं महाराष्ट्रानें ज्याला राज्याचें फुलपांखरूं म्हणून मान दिला, आणि असा मान देणारें जें देशांतलें पहिलेंच राज्य ठरलें, तें काळ्या पंखांवर निळे पट्टे मिरविणारें भव्य नीलवंत मुख्यतः सह्याद्रीच्या व किनाऱ्याच्या ओल्या प्रदेशांतलें. पारोळ्याच्या माणसानें त्याची वाट पाहत बसण्यांत अर्थ नाहीं. पण म्हणून हा मुलूख फुलपांखरांना पारखा आहे असें मुळींच नाहीं. येथील संपत्ति शेताच्या बांधावर, नाल्याच्या कांठीं, गांवकुसाबाहेरच्या पडीकांत आणि जुन्या घरांच्या परसांत विखुरलेली असते.

टाकळा, ज्याला खानदेश-वऱ्हाडांत तरोटा म्हणतात, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जिकडे तिकडे उगवतो. तो, माळावरचा तरवड आणि रस्त्याकडेचा बहावा हीं पिवळ्या आणि फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपांखरांचीं माहेरघरें होत. बोरीच्या झाडावर पांढऱ्या पंखांचें, काळ्या ठिपक्यांचें एक चिमुकलें फुलपांखरूं वाढतें. बाभळीवर निळसर रंगाचीं तितकींच लहान फुलपांखरें. बांधावरच्या एरंडावर तांबूस-तपकिरी पंखांचें, नागमोडी रेघांचें फुलपांखरूं हमखास सांपडतें. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी आवर्जून करतात त्या वाघाटीच्या कांटेरी वेलावर काळ्या शिरांचीं पांढरीं फुलपांखरें अंडीं घालतात. किडामारी ही काळ्या जमिनींत पसरणारी, उग्र वासाची वेल शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो. काळ्या पंखांच्या आणि लाल अंगाच्या दोन देखण्या जाती मात्र तिच्याच कुळावर जगतात. कोरांटी आणि तालिमखाना यांवर पंखांवर डोळे काढल्यासारखीं दिसणारीं निळीं व पिवळट फुलपांखरें वाढतात, चित्रकावर पट्ट्यापट्ट्यांचीं, आणि न्हाणीच्या पाण्यावर आपोआप माजणाऱ्या आंबुटीवर अंगणांत जमिनीलगत उडणारीं नखाएवढीं निळीं. आंब्यावरचें बांडगूळ हें तर बागाइतदाराचें वैरी; पण पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा आणि लाल रंग असल्यामुळें ज्याला मराठींत हळदीकुंकू असें सुरेख नांव मिळालें आहे, त्या फुलपांखराची अळी बांडगुळाखेरीज सहसा कशावर वाढत नाहीं.

यांतील कांहीं झाडें आजवर टिकलीं तीं देवाधर्मामुळें. शनिवारीं मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याची चाल आहे, म्हणून देवळापाशीं एखादी रुई कोणी तोडीत नाहीं. महादेवाला बेल लागतो. आणि बेल हा लिंबाच्या कुळांतला असल्यामुळें लिंबावर वाढणारें काळ्यापिवळ्या नक्षीचें मोठें फुलपांखरूं त्यावरहि आपला संसार थाटतें. परसांतल्या कढीलिंबावर त्याचेंच एक काळें भावंड येतें. पूर्वजांनीं हीं झाडें फुलपांखरांसाठीं राखलीं असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्यांनीं तीं राखलीं आणि त्यांच्याबरोबर फुलपांखरेंहि राहिलीं, ही गोष्ट खरी.

याच्या उलट नव्या बागांची तऱ्हा आहे. झेंडू आणि टणटणी हीं दोन्ही अमेरिकेंतून आलेलीं. त्यांचीं फुलें मधाची भूक भागवितात, म्हणून त्यांना अगदींच निरुपयोगी ठरविणें अन्यायाचें होईल. रस्त्याकडेचा दगडीपालासुद्धां परदेशीच. त्याच्या लहानशा फुलावर फुलपांखरांची सदैव गर्दी असते. पण या पाहुण्या झाडांच्या पानांवर येथील फुलपांखरांच्या अळ्या सहसा पोसत नाहींत. त्यांनीं भरलेली बाग म्हणजे जेथें चहा मिळतो पण बिऱ्हाडाला खोली मिळत नाहीं असें गांव. शिवाय टणटणीसारखें झुडूप एकदां माजलें कीं खालच्या देशी वनस्पतींना डोकें वर काढूं देत नाहीं, आणि मग मधाच्या बदल्यांत माहेर गमावण्याची पाळी येते.

शेतांतला पालट याहून मोठा आहे. पूर्वीं निंदणी हातानें होई; पिकांतलें तण निघे, पण बांध तसाच राही. आतां तणनाशकाचा फवारा बांधावरहि फिरतो, आणि एका सकाळींत तरोटा, किडामारी, एरंडाचीं रोपें सर्व एकदम करपून जातात. अमेरिकेंत याच मार्गानें काय घडलें तें जगाला ठाऊक आहे. तेथील मोनार्क नांवाचें नारिंगी फुलपांखरूं आपल्या रुईवरील फुलपांखराचें सख्खें चुलत भावंड. दर शरदृतूंत तें हजारों मैलांचा प्रवास करून मेक्सिकोच्या डोंगरांत हिंवाळा काढावयास जातें. त्याची अळी रुईच्याच कुळांतील मिल्कवीड नांवाच्या वनस्पतीवर जगते. मक्याच्या व सोयाबीनच्या शेतांतून तणनाशकांनीं ती वनस्पति साफ झाली, आणि मेक्सिकोला पोंचणाऱ्या फुलपांखरांची संख्या पूर्वींच्या मानानें फार उतरली. या ऱ्हासाच्या कारणांत शास्त्रज्ञ मिल्कवीडच्या नाशाला मोठें स्थान देतात. आज तेथें हजारों कुटुंबें आपल्या आवारांत मिल्कवीड लावीत आहेत. जी वनस्पति फुकट उगवत होती ती आतां बी विकत घेऊन लावावी लागते, एवढाच त्यांतला धडा.

शेतकऱ्याला बांधावर अळ्या वाढलेल्या पाहून भीति वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. कपाशीच्या बोंडअळीनें त्याचें कंबरडें मोडलेलें असतें. पण बोंडअळी ही फुलपांखराची नसून रात्रीं उडणाऱ्या पतंगाची अळी. रुईवरची, एरंडावरची किंवा तरोट्यावरची फुलपांखराची अळी कपाशीकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तिला तें पान खातांच येत नाहीं. ज्या नियमामुळें ती आपल्या झाडाला बांधलेली असते तोच नियम कपाशीला तिच्यापासून अभय देतो. मात्र प्रत्येक तण निर्दोष आहे असेंहि कोणी समजूं नये. पेठारी आणि गाजरगवत यांवर कपाशीला पीडणारा पिठ्या ढेकूण आसरा घेतो. तीं बांधावरून काढून टाकणेंच शहाणपणाचें. डाळिंबाच्या फळांत शिरून तें पोखरणारी अळी तर खरोखरच एका फुलपांखराची आहे. सरसकट माया आणि सरसकट संहार, या दोहोंपेक्षां कोणती वनस्पति कोणाचें पोट भरते हें ओळखून वागणें हाच खरा मार्ग.

शहरांतल्या घरांत हाच प्रश्न लिंबाच्या रोपावर उभा राहतो. कुंडींत हौसेनें लाविलेल्या लिंबावर एके दिवशीं पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके दिसतात. त्याच त्या अळ्या. वेषच असा कीं पक्ष्यानें त्यांकडे खाद्य म्हणून पाहूं नये. मोठ्या झाल्या म्हणजे त्या हिरव्यागार होतात, आणि बोट लाविलें तर डोक्यामागून नारिंगी रंगाचें दुफाटी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. ते शिंग टोंचत नाहीं, चावत नाहीं. केवळ धाक असतो. गृहिणीचा जीव रोपासाठीं तुटतो आणि औषध फवारलें जातें. कडुनिंबाचा अर्क निरुपद्रवी म्हणून पुष्कळ लोक वापरतात; माणसाला तो तसा असेल, अळीला नाहीं. रोप अगदीं लहान असेल तर अळ्या अलगद उचलून लिंबाच्याच एखाद्या मोठ्या झाडावर सोडाव्या. झाड वाढलेलें असेल तर कांहीं न करणें हाच उपाय. त्याला पुन्हां पालवी फुटते. शिवाय त्या सर्व अळ्या जगतात असेंहि नाहीं. गांधीलमाशा, मुंग्या आणि पक्षी त्यांतल्या बहुतेकींचा फन्ना उडवितात. चिमणी स्वतः दाणे टिपणारी. पण पिलांना ती किडे आणि अळ्याच भरवते. अळ्या नाहींशा झाल्या कीं चिमण्यांचीं घरटींहि ओस पडूं लागतात.

आतां लागवडीचें. देशी झाडांना कौतुक फार लागत नाहीं, पण वेळ साधावी लागते. मृग लागून जमीन नीट भिजली म्हणजे सुरुवात करावी. बहावा आणि तरवड यांचें बीं टणक कवचाचें असतें. तें दगडावर थोडें घांसून रात्रभर पाण्यांत भिजवावें. कढीलिंबाचीं पिकलेलीं काळीं फळें मिळतांच त्यांचा गर धुऊन बीं लगेच पेरावें. सांठवून ठेवलें तर तें लवकर मरतें. रुईचीं बोंडें उन्हाळ्यांत फुटूं लागतात. कापूस उडून जाण्यापूर्वीं बीं धरून ठेवावें. चित्रकाच्या फांद्या लाविल्या तरी जगतात. एकेका जातीचें एकच रोप न लावतां तीनचार जवळजवळ लावावींत, म्हणजे मादीला तीं सहज सांपडतात आणि अळ्यांनीं एक ओरबाडलें तरी दुसरें शिल्लक राहतें. जागा उन्हाची असावी. थंड रक्ताच्या या जीवांना पंख तापविल्याशिवाय उडतां येत नाहीं. वाऱ्याच्या बाजूला कुंपण किंवा निर्गुडीची रांग असली तर अधिक बरें. मधासाठीं तुळशीच्या मंजिऱ्या, निर्गुडी आणि कोरांटी पुरेशा आहेत. माळावरची भुरुंडी आणि खुळखुळा यांवर रुईकडचीं फुलपांखरें झुंडीनें बसतात, तीं केवळ मधासाठीं नव्हे; नराला मादीस आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठीं लागणारीं द्रव्यें तो त्या वनस्पतींतून शोषून घेतो. एका पसरट परळांत माती कालवून चिमूटभर मीठ टाकून ती ओली ठेवावी. नद्यानाल्यांच्या कांठीं ओल्या चिखलावर फुलपांखरांचा जो मेळा भरतो तो या क्षारांसाठींच.

दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून मुलांच्या हाताच्या टप्प्यांत ती लावूं नये आणि तोडल्यावर हात धुवावे. किडामारीच्या कुळांत मूत्रपिंडांना घातक असें द्रव्य असतें. गांवठी औषध म्हणून ती कोणी पोटांत घेऊं नये. ती फुलपांखरांसाठीं राहूं द्यावी.

कोणतें फुलपांखरूं कोणत्या पानावर वाढतें हें ज्ञान आज सुलभ झालें आहे. पण तें मिळविण्यास पुष्कळांनीं वर्षेंच्या वर्षें खर्चिलीं. पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची यादी १८८२ सालीं प्रसिद्ध करणारे जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी पुढें कारवारकडे गेले आणि तेथें टी. आर. बेल व ई. एच. एटकिन यांच्यासह फुलपांखरांच्या अभ्यासांत रमले. तिघांचें काम १८९६ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापून आलें. ही संस्था १८८३ सालीं स्थापन झालेली. त्यांच्या कामाचें वैशिष्ट्य असें कीं, केवळ जाळीनें फुलपांखरें पकडून टांचण्या टोंचण्यांत त्यांनीं समाधान मानलें नाहीं. अळ्या त्यांच्या त्यांच्या झाडांवर शोधल्या, पाळल्या आणि कोणती अळी काय खाते हें लिहून ठेवलें. एम. ए. विंटर-ब्लाइथ यांचें १९५७ सालचें आणि कृष्णमेघ कुंटे यांचें २००० सालचें, हीं दोन इंग्रजी पुस्तकें हौशी अभ्यासकांच्या हातीं नेहमीं दिसतात.

हें काम पुढें चालविण्यास पदवी लागत नाहीं. पारोळ्यासारख्या गांवांतली कोणतीहि शाळा आपल्या आवारांत दहा देशी झाडें लावून एक वही घालूं शकते. तारीख, झाडाचें नांव, अंडें दिसलें तो दिवस, अळी कोशांत गेली तो दिवस आणि फुलपांखरूं उडालें तो दिवस, एवढे पांच रकाने पुरेत. पावसाळा उतरणीस लागल्यापासून दिवाळीपर्यंत फुलपांखरांची ऐन भर असते, आणि शाळेचेंहि पहिलें सत्र तोंवर चालू असतें. पांच वर्षें ती वही टिकली तर त्या गांवांत काय वाढलें आणि काय घटलें तें सांगणारा तो पहिला भरंवशाचा कागद ठरेल. ज्यांना आवार नाहीं त्यांनीं निदान एक कढीलिंब आणि एक कोरांटी कुंडींत लावावी, फवाऱ्याची बाटली बाजूला ठेवावी, आणि एखाद्या पानाला भोंक पडलेलें दिसलें तर तें पान तोडण्यापूर्वीं उलटून पाहावें.